टोकबाईची हिरवी ओळ

...नाही, पेन नको. त्या डबीतली पेन्सिल घे. पेनाने लिहिलंस आणि मी मध्येच म्हटलं, हे नको, ते काढ, तर काय करशील? माझं बोलणं कसं वळणावळणाचं, तुला माहीत आहे. आणि दर वाक्याला ‘आजी, हे लिहू का?’ असं विचारू नकोस. सगळं लिही. नको असेल ते पाळकबाई काढतील.

तर मी काय सांगत होते? हां, मेणाचे खडू. पण थांब, आधी हे कशासाठी चाललंय ते लिही, नाहीतर वाचणारी म्हणेल म्हातारी एकदम खडूंवर कुठून आली.

आपल्या चर्चच्या पाळकबाई त्या रविवारी उपासनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मंडळीत नव्या बायका येताहेत, घरी बसून बायबलचा अभ्यास करायची हौस आहे त्यांना, पण दुकानात जातात आणि भलतंसलतं उचलून आणतात. चमचमणारी पेनं काय, चिकट पट्ट्या काय. महिनाभरात पानांची पार वाट. तुमचं बायबल एवढ्या वर्षांनी बघा कसं आहे. काय काय घ्यावं ते तुम्ही सांगा, आणि तुम्हाला कोणी शिकवलं तेही सांगा, आम्ही छोटी पुस्तिका काढतोय.

वस्तू सांगायला माझं काही जात नाही. कोणी शिकवलं हे सांगणं जड जातं. पण दोन्ही वेगळं करता येत नाही ना. वस्तू सगळ्या तिच्याच. मग तिचंच सांगते, टोकबाईचं.

मी तेव्हा लाँड्रीत कामाला होते. मोठ्या इस्त्रीच्या टेबलावर मी आणि अजून दोघी. आम्हा तिघींत अक्षर एकीलाही येत नव्हतं, म्हणून कपडे ओळखायची आमची युक्ती होती. प्रत्येक घराचा एक रंग. कॉलरच्या आत दोऱ्याचा एक टाका, निळा म्हणजे डॉक्टरांच्या घरचे, पिवळा म्हणजे कोपऱ्यावरच्या मास्तरांचे. बावीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही.

तुझे आजोबा होते तोवर संध्याकाळी ते वाचायचे आणि मी ऐकायची. ते गेले आणि बायबल फळीवर गेलं. वर्षभर कोणी उघडलं नाही. मग एकदा इस्त्री करता करता माझ्या डोक्यात आलं, कपडे रंगावरून ओळखते तर वचनं का नाही ओळखणार? कोणी एकदा वाचून दाखवावं, मी रंग लावावा, मग ती ओळ माझी. कधीही उघडावं, रंग दिसला की वचन आठवावं.

शेजारच्या मुलीकडून एक स्तोत्र वाचून घेतलं आणि तिच्याच मेणाच्या खडूने खाली रेघ ओढली. मस्त जाड, तांबडीलाल. आणि बायबल ठेवलं कुठे, तर लाँड्रीत, माझ्या टेबलाच्या वरच्या फळीवर. वाफेत. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

आता मी लाँड्रीतली बाई. कपड्यावर मेण सांडलं तर काय करतात ते मला झोपेतही येतं. वर कागद, खाली कागद, आणि गरम इस्त्री. तेच केलं. मेण निघालं की छान. पण अक्षरंही पसरली आणि पानाला इस्त्रीचं टोक उमटलं, पिवळं. हसू नकोस. हात हलतो तुझा.

रडकुंडीला येऊन मी ते घेऊन समोरच्या गल्लीतल्या कागद-पेन्सिलीच्या दुकानात गेले. तिथे टोकबाई. नाव तिचं वेगळं होतं, पण पेन्सिल विकली की स्वतः टोक करून दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडायची नाही, शिवाय जीभही तशीच, म्हणून सगळे टोकबाई म्हणायचे. उंच, हडकुळी, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली.

मी म्हटलं, “बाई, याच्यापेक्षा चांगला खडू द्या.”

तिने पान बघितलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला. “हे काय केलंत?”

“इस्त्री केली.”

“बायबलला?”

“मेण होतं त्याला.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “चहा सांडलेले आले माझ्याकडे, उंदराने कुरतडलेले आले. इस्त्रीवाल्या तुम्ही पहिल्याच. स्टार्च नाही ना लावलात?”

आणि हसली. मीही हसले. वर्षाने हसले असेन. तिथून आमचं सुरू झालं.

खडू तिने दिला नाहीच. दुकानदार असून नाही म्हणायची तिची रीत. कोणी झगमगीत मार्कर उचलला की ही विचारायची, “कशासाठी?” बायबलसाठी म्हटलं की हातातून काढून घ्यायची. “परत जागेवर ठेवा. शाई खाली उतरते. इकडे आशीर्वाद रंगवाल आणि मागच्या पानावर शाप उमटेल.”

आता पाळकबाईंसाठी नीट लिही. बायबलचा कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ असतो, म्हणून शाई नको, मेण नको. साधी लाकडी रंगीत पेन्सिल. फार मऊ नको, बोट लागलं की पसरते. टोक करून झालं की आधी रद्दी कागदावर चार वेळा घासून बोथट करायची, मग पानावर. पानाखाली पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे रेघेचा दाब खालच्या पानावर जात नाही. पट्टी लहान घ्या, वीतभर, आणि लाकडाची. लोखंडी पट्टीची कड पान कापते. वही शिवलेली घ्या, तारेची नको, तार बाहेर येते आणि पिशवीत बायबलचं कव्हर ओरखडते. खुणेला चिकटणारं काही लावू नका, काढताना पान घेऊन येतं. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापा. भिंग लागत असेल तर ते झाकून ठेवा, उन्हात उघडं ठेवून उठू नका. आणि खोडरबर तर घेऊच नका. रंगीत पेन्सिल खोडली जात नाही, नुसती पसरते. टोकबाई म्हणायची, “ओढायच्या आधी विचार कर, नंतर रबर शोधू नकोस.”

पहिल्याच दिवशी तिने मला तिच्या वडिलांची पट्टी दिली. जुनी, पिवळसर, आकडे पुसलेले. म्हणाली, “तुम्हाला आकडे लागणार नाहीत, मला ही विकता येणार नाही. घेऊन जा.”

दर बुधवारी दुपारी ती दुकानाचं अर्धं शटर खाली ओढायची आणि मी मागच्या खोलीत जायची. खोली केवढीशी. एक खाट, एक स्टूल, वह्यांचे गठ्ठे भिंतीला लावलेले, त्यावर चहाची कपबशी. ती वाचायची. मला आवडलं की मी हात वर करायची, मग ती बोट ठेवायची आणि मी पट्टी लावून रेघ ओढायची. रेघ माझी सरळ. चादरीची घडी घालणारा हात तो. महिनाभरात ‘अहो बाई’चं ‘अगं’ झालं.

रंग ठरवले. तांबडा, देव काही करायला सांगतो ते. निळी प्रार्थना. पिवळं वचन, म्हणजे देव देणार म्हणतो ते. तपकिरी, मला न पटलेलं. ती म्हणाली, “न पटलेल्याला कोण रंग लावतं?” मी म्हटलं, “डाग कुठे आहे ते नको का कळायला?” आणि हिरवा. हिरवा फार जपून. जे वाचताना वाटेल हे फक्त माझ्यासाठी लिहिलंय, त्याला. पाच वर्षांत चार हिरव्या ओळी. ती विचारायची, “हिरवं?” आणि मी बहुतेक वेळा मान हलवायची, नाही.

तिचं स्वतःचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि नवरा निघून गेला, दुसऱ्या गावी दुसरा संसार. जाताना चिठ्ठी ठेवून गेला, ती दुकानातल्याच कागदावर. “मेल्याने कागद पण चांगला निवडला,” असं म्हणून हसायची. मग वडील गेले. मूलबाळ नाही. सणासुदीला दुकान उघडं ठेवायची, बंद ठेवून करायचं काय म्हणायची. मी आजारी पडले तेव्हा आठ दिवस माझ्या खाटेशी बसली. पायाला तेल लावलं. हे सगळं लिही, गाळू नकोस. पुढचं ऐकताना माणसाला वाटेल ती वाईटच होती. तसं नव्हतं, म्हणून तर लागलं.

मग परगावी राहणाऱ्या तुझ्या बापाचा फोन आला. लाँड्रीच्या मालकाकडे यायचा फोन. म्हणाला, “आई, आता पुरे झालं वाफेत उभं राहणं. खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. बाळ व्हायचंय. तू ये, कायमची ये.” तुझ्या आईला आई नव्हती. करणारं दुसरं कोणी नव्हतं.

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. तिथे मी कोण? इथे निदान टेबल माझं होतं. बुधवारी टोकबाईला सांगितलं. तिच्या हातात तपकिरी पेन्सिल होती, टोक करत होती. ती करतच राहिली. नवी पेन्सिल, अर्धी झाली तरी थांबेना. मी म्हटलं, “अगं, संपवतेस की काय?” तेव्हा थांबली. म्हणाली, “घाई करू नकोस. पुढच्या बुधवारी शास्त्र काय सांगतं ते बघू.”

पुढच्या बुधवारी गेले तर माझ्या बायबलात कॅलेंडरची एक पट्टी आधीच घातलेली. बायबल मी तेव्हा तिच्याकडेच ठेवायची, लाँड्रीच्या वाफेच्या भीतीने. तिने पान उघडलं आणि वाचलं. शब्द न् शब्द आठवतो मला. “जिथे मी तुला ठेवले आहे तिथून हलू नकोस. तुझ्या लेकरांची काळजी माझ्या हाती आहे. आपल्या जागी स्थिर राहा.”

म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं, तसंच, एक शब्द इकडे तिकडे नाही. मग विचारलं, “हिरवं?”

मी म्हटलं, “हिरवं.” तिने बोट ठेवलं, मी पट्टी लावली आणि रेघ ओढली. पाचवी.

तुझ्या बापाला फोनवर सांगितलं, मी येणार नाही. तो म्हणाला, “का?” मी म्हटलं, “देवाने सांगितलंय.” तो म्हणाला, “देवाला माझा नंबर दे म्हणावं, बाळ झालं की कळवतो.” आणि ठेवला.

तुझ्या वेळी तुझी आई दोन महिने उठू शकली नाही. तुला शेजारीण न्हाऊ घालायची. हे मला कोणी सांगितलं नाही, तूच सांगितलंस, चार महिन्यांपूर्वी, सहज. मी तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू चार वर्षांची. दारामागे लपलीस आणि बापाला विचारलंस, “त्या आजी कधी जाणार?” त्या आजी. मुलगा आईला विसरला तर लोक हळहळतात गं, नातीने अहो-जाहो केलं की काय होतं ते कोणी विचारत नाही. मी स्वतःशी म्हणायची, असू दे, ओळ आहे ना माझ्याकडे. जेव्हा जेव्हा फार वाटायचं तेव्हा ती कॅलेंडरची पट्टी घातलेलं पान उघडायची, हिरव्या रेघेवर बोट ठेवायची आणि पाठ म्हणायची. एकोणीस वर्षं.

मग तू नर्सिंगच्या शिक्षणासाठी इथे आलीस, माझ्याकडे राहिलीस. एका रविवारी मी म्हटलं, माझ्या हिरव्या ओळी वाचून दाखव, माझं पाठांतर किती पक्कं आहे बघू. पहिली बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी बरोबर. तू म्हणालीस, “आजी, तू तर पास.” पाचवीवर थांबलीस.

“आजी, इथे पडद्यांची मापं आहेत.”

मी म्हटलं, पान चुकलं असेल.

“हिरवी रेघ इथेच आहे. लांबी, रुंदी. आणि कड्या किती लावायच्या ते.”

तू मागचं पुढचं सगळं वाचलंस. तंबूचं होतं ते, देवासाठी रानात बांधायचा तंबू, त्याचे पडदे. नंतर तू माझं ‘स्थिर राहा’ शोधत बसलीस, मोबाइलमध्येसुद्धा शोधलंस, दोन दिवस. जवळपासचं काही मिळायचं, माझं नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या बायबलात असेल. तू मोबाइल बाजूला ठेवलास. तेव्हा कळलं मला. आणि तंबू म्हणजे तरी काय? उचलायचा आणि पुढे न्यायचा. हलू नकोस म्हणून मी एकोणीस वर्षं बोट ठेवत होते ते हलणाऱ्या घराच्या पडद्यावर.

मी दुकानात गेले. बुधवार नव्हता, मंगळवार होता. बायबल तिच्यासमोर उघडून ठेवलं, कॅलेंडरच्या पट्टीच्या जागी. म्हटलं, “वाच.”

तिने बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता ती पण म्हातारी झालीय. वाचलं नाही.

“वाच ना. काय लिहिलंय?”

“तुला कोणी सांगितलं?”

“नातीने. जिला मी न्हाऊ घातलं नाही, तिने.”

ती स्टुलावर बसली. एक गिऱ्हाईक वही मागत होतं, त्याला म्हणाली, “दुकान बंद आहे,” शटर सताड उघडं असताना.

“तू गेली असतीस,” ती म्हणाली.

“मग तसं सांगायचं होतंस. जाऊ नकोस, मला करमणार नाही.”

“तू थांबली असतीस माझ्यासाठी?”

खरं उत्तर मला आजही माहीत नाही.

“बघ,” ती म्हणाली. “माझ्यासाठी कोणी थांबत नाही. देवासाठी तू थांबलीस.”

“आणि हे पान का? एवढ्या मोठ्या पुस्तकात हेच का?”

तिने मान खाली घातली. “यावर प्रवचन कोणी करत नाही. कोणाच्या लक्षात आलं नसतं.”

हे ऐकलं आणि मी बायबल मिटलं. घाईत, रडून, तोंडातून निघून गेलं असतं तर मी समजून घेतलं असतं गं. पण ती आठवडाभर शोधत बसली होती. पान निवडलं होतं, जशी पेन्सिल निवडायची, जशी वही निवडायची. आणि माझ्याच हाताने रेघ ओढवून घेतली.

“मी तुला त्यानंतर एकही खोटी ओळ वाचली नाही,” ती म्हणाली. “एकसुद्धा नाही. सगळं तपासून बघ.”

“मला तपासता आलं असतं,” मी म्हटलं, “तर तुझ्याकडे आले असते का?”

आणि निघाले. तिने मागून हाक मारली, दोनदा. मी वळले नाही.

त्याला आता नऊ बुधवार झाले. तू वाचतेस, मी रंगवते. बाकी ओळी तू सगळ्या तपासल्यास, सगळ्या खऱ्या निघाल्या, हेही लिही, तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आता कुठलीही रेघ बघितली की मला आधी तिचं बोट दिसतं, मग वचन. नवी हिरवी रेघ मी ओढली नाही. पेन्सिल टोक करून डबीत पडली आहे.

पाळकबाईंच्या यादीत शेवटी हे लिही. पेन्सिल, पुठ्ठा, लहान पट्टी, शिवलेली वही, कॅलेंडरच्या पट्ट्या. आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिने वाचणाऱ्या दोघी ठेवाव्यात, एकमेकींना न ओळखणाऱ्या. हसून काढू नका म्हणावं, इतर सगळ्या वस्तूंपेक्षा हे आधी घ्यावं. आणि या सगळ्या वस्तू कुठे चांगल्या मिळतील म्हणून कोणी विचारलं, तर समोरच्या गल्लीतलं दुकान सांग. माल तिचा खोटा नाही.

तुझ्या बापालाही मी सांगितलं फोनवर. म्हटलं, ती ओळ नव्हतीच रे. तो म्हणाला, “आई, मला तेव्हाच वाटलं होतं.” “मग बोलला का नाहीस?” “तू देवाचं नाव घेतलंस, मी काय बोलणार?” पुढच्या महिन्यात येतो म्हणालाय. येईल तेव्हा खरं.

आता हे कागद नीट लाव, आणि ती पिशवीतली पट्टी काढ. हो, तीच, टोकबाईच्या वडिलांची. उद्या शिकायला जाताना समोरच्या गल्लीतून जा. पट्टी तिच्या हातात दे, काउंटरवर ठेवून येऊ नकोस. तिने विचारलं, आजी काय म्हणाली, तर सांग, आजीने पाचवी रेघ खोडलेली नाही. रंगीत पेन्सिल खोडली जात नाही. फक्त त्या रेघेवरून तपकिरी ओढली आहे, आणि ती हाताने ओढली, पट्टी न लावता.